परत बोललेला आकडा

माझ्या लेकीचं, अनघाचं, गिटारला जोडायचं डिले पेडल दुरुस्त करायला मी रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर बसलो. पाच वाजता अभिजित ते न्यायला येणार होता. तो अनघाच्या बँडमध्ये होता. तिच्या आठवणीत कार्यक्रम ठेवलाय, त्यात तिचंच पेडल वाजवू म्हणाला, आणि माझ्या बायकोने, कांचनने, मला न विचारता हो म्हणून टाकलं.

"बंद पडलंय ते," मी म्हणालो.

"मग चालू करा. आयुष्यभर दुसरं काय केलंत?"

खोटं नव्हतं. लखनौला मानक नगरात रेल्वेच्या चाचण्या करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. आमच्या कामात एक शिस्त असते. मीटरवरचा आकडा एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो परत बोलायचा आणि मगच लिहायचा. ही शिस्त मी घरीही आणली. अनघा सात वर्षांची असल्यापासून मिक्सर असो की गीझर, मीटर माझ्या हातात आणि वही तिच्या. मी मराठीत आकडा सांगायचो, ती हिंदीत परत बोलायची. मराठी तिला सगळं समजायचं, पण तोंडात हिंदीच बसलेली. "मराठीत बोल की जरा," म्हणून मी चिडायचो. आता वाटतं, कशाला चिडत होतो!

नोव्हेंबरमध्ये ती गेली. फुप्फुसांचा संसर्ग झाला आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. चोवीस वर्षांची होती.

पेडल म्हणजे साबणाच्या दोन वड्यांएवढी लोखंडी डबी. गिटारचा आवाज तिच्यातून ॲम्प्लिफायरकडे जातो आणि जाता जाता ती तो साठवून दोन-तीनदा परत ऐकवते, दर वेळी थोडा कमी करत. खिडकीजवळच्या टेबलावर मी तिची पाठ उघडली. बाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं, मटरवाला ठेला ढकलत ओरडत चालला होता. बॅटरीची एक तार तुटलेली सापडली. ती जोडली, लाल दिवा लागला. अनघाची गिटार आणि ॲम्प्लिफायर जोडून तार छेडली तर सूर आला, पण एकदाच. पडसाद नाही. मी मीटर लावला आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "एकोणपन्नास."

ॲम्प्लिफायरमधून आलं, "उनचास."

शेजारचा टीव्ही असेल म्हणून मी खिडकी लावून घेतली.

जुन्या गिटारचे पिकअप, म्हणजे तारांखालची चुंबकं, माणसाचा आवाजही थोडाफार पकडतात, हे मला ठाऊक होतं. तो आवाज पेडलने परत द्यावा यातही नवल नव्हतं. पण पेडल भाषांतर करत नाही.

मीटरवरचा आकडा हलला होता. "सत्तावन्न," मी म्हणालो.

"सैंतालीस."

मी चष्मा चढवला. मीटरवर ४७ होतं.

तरी इंजिनियरची खोड जात नाही. भिंग घेऊन मी सगळा बोर्ड तपासला. एका चिपच्या पायाशी सोल्डरला केसाएवढी चीर होती. काडेपेटीच्या काडीने तो पाय दाबून धरला आणि आकडा म्हटला. माझाच आवाज तीनदा परत आला, अगदी यायला हवा तसा. काडी काढली. आता आवाज अनघाचा. दहा वेळा करून पाहिलं आणि दहाही वेळा वहीत लिहिलं. म्हणजे ती त्या चिरेत होती. हे वाक्य मी कुठल्याही अहवालात लिहू शकलो नसतो, पण निष्कर्ष तोच निघत होता.

आणि मला आनंद झाला. लपवत नाही. तीन महिन्यांनी पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मी आकडे सांगत सुटलो. मीटरवरचे, घड्याळातले, कॅलेंडरवरचे. ती प्रत्येक आकडा परत बोलत होती. मागे कधी कांचन येऊन उभी राहिली ते मला कळलंच नाही.

"बेचाळीस."

"बयालीस."

कांचन भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही.

"तिच्याशी बोला ना," ती म्हणाली. "आकडे काय सांगताय?"

मी गिटारवर वाकलो. "अनघा, बेटा, कशी आहेस?"

काहीच आलं नाही. कांचनने हाक मारली, मग मी मारली, तिच्या लाडक्या नावानेही मारली. ॲम्प्लिफायर नुसता घुं करत राहिला. मग मी हळूच म्हणालो, "एकतीस."

"इकतीस."

"हॉस्पिटलमध्येही तुम्ही हेच केलंत," कांचन म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मॉनिटरवरचे आकडे वाचत बसलात. ती बिचारी मास्कखालून परत बोलत राहिली. शेवटपर्यंत. दुसरं काही बोलूच दिलं नाहीत तिला."

घाबरलो होतो म्हणून वाचत होतो. दुसरं काय बोलायचं ते मला सुचलंच नव्हतं.

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

"अट्ठा... ईस."

शब्दाच्या मधेच श्वास लागला होता. तेव्हा जसा लागायचा, तसाच.

"पुरे," कांचन उठली. "दमतेय ती. अहो, दमतेय ती! बंद करा."

"चीर भरली की ती जाईल."

"जाऊ दे."

मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. मला अजून एक आकडा हवा होता, फक्त एक. पण कांचन माझ्या हाताकडे बघत उभी होती. टोक लावलं, सोल्डर वितळलं, चीर बुजली. दोन सेकंदांचं काम.

"एकोणपन्नास," मी म्हणालो.

एकोणपन्नास. एकोणपन्नास. एकोणपन्नास. माझाच घोगरा आवाज, दर वेळी थोडा कमी होत गेलेला. काम चोख झालं होतं.

मी बॅटरी काढली. गिटार बाजूला ठेवली, ॲम्प्लिफायरची पिन भिंतीतून उपटली. झाकणाचे चारही स्क्रू बसवले. कांचन चहा टाकायला आत गेली.

डबी माझ्या हातात होती.

"बाबा," ॲम्प्लिफायरमधून आवाज आला, "अगला?"

मी तारेकडे पाहिलं. पिन फरशीवर पडलेली होती.

"एकोणपन्नास," मी म्हणालो. मग ओरडून म्हणालो. मग हिंदीत, "उनचास, बेटा, उनचास!"

ती थांबून राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा, सुनाई नहीं दे रहा," ती म्हणाली. "अगला बोलो ना."

आत कांचनच्या हातून कप पडला.