रिकाम्या खोलीची शांतता

ठेवा ते मोबाईल बाजूला. बेपत्ता माणसांच्या गोष्टी कानात बोंडं घालून ऐकता ना तुम्ही? मग त्या बनवणाऱ्याचं काय झालं, तेही ऐका. माझ्या मित्राचा हा धाकटा भाऊ. आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. गाण्याच्या नावाने शंख, पण टाचणी पडली तरी कुठल्या खोलीत पडली ते सांगायचा. न सुटलेल्या प्रकरणांच्या एका पॉडकास्टमध्ये आवाजाचं काम त्याच्याकडे होतं.

नऊ वर्षांपूर्वी एक मुलगी कामावरून घरी यायला निघाली, ती पोचलीच नाही. तिच्याच खोलीत बसवून तिच्या आईची मुलाखत घेतली, आणि कानसेन एक गोष्ट विसरला. मुलाखतीच्या जागेची मिनिटभर शांतता रेकॉर्ड करून ठेवायची असते. बोलणं कापलं की मधल्या जागेत तीच भरायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. आणि आई तर दुसऱ्या दिवशी सकाळी घर सोडून मुलाकडे राहायला जाणार होती. मग काय, मंगळवारी रात्री दहा पन्नासला स्वारी पुन्हा दारात हजर.

घरभर बांधलेली खोकी. मुलीची खोली तेवढी आवरायची राहिली होती.

"कुलूप लावायचं जिवावर आलंय रे," आई म्हणाली. "ती आली आणि दार बंद दिसलं तर? नवा पत्ता तिला कोण सांगणार?"

कानसेनने माईक उचलला. "काकू, एकच मिनिट," म्हणत तो आत गेला. दार लोटलं, हेडफोन चढवले, बटण दाबलं.

दहा सेकंद... वीस...

श्वास ऐकू आला.

आपलाच असेल. त्याने श्वास रोखला.

तो चालूच...

हेडफोन काढले. काही नाही. पुन्हा लावले. जवळ आला होता. माईकच्या अगदी पुढ्यात.

त्याची पाचावर धारण बसली. घाबरलेला माणूस काय करतो? हाताला सवय असते तेच करतो. माईकपुढे कुणीही बसलं की आवाज नीट येतोय का बघायला तो एक ठरलेला प्रश्न विचारायचा. तोच तोंडून निघून गेला.

"आज... काय जेवलात?"

काहीच नाही.

मग... हळूच...

"अजून जेवले नाही."

तो हेडफोन तसेच डोक्यावर घेऊन बाहेर आला. आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हेडफोन ओढून घेतले. तीनदा ऐकलं. त्याचा प्रश्न होता. पुढे नुसती शांतता.

"काय म्हणाली?"

खोटं सांगायचं त्याच्या मनात होतं. जमलं नाही. त्याने सांगितलं.

आई रडली नाही. तिने एक खोकं फोडलं, ताट काढलं, डब्यात होतं ते वाढलं आणि त्या खोलीत नेऊन ठेवलं. शेजारी चिठ्ठी, तिच्यावर मुलाच्या घराचा पत्ता. खिडकी घट्ट लावली. दार ओढलं. मग दोघं त्याच दाराला पाठ लावून बसली. एक वाजला. तीन वाजले... आतून आवाज नाही. डोळ्याला डोळा नाही.

सहाला खाली टेम्पो आला. आईने दार उघडलं.

ताट जसंच्या तसं. एक घासही हलला नव्हता.

चिठ्ठी नव्हती.

कानसेनने गादी उलटली, कपाट ओढलं, कोपरे धुंडाळले. नाही म्हणजे नाही. आईने काही शोधलं नाही. तिने ताटावर झाकण ठेवलं आणि ते मांडीवर घेऊन टेम्पोत बसली.

"राहू दे रे," ती म्हणाली. "तिकडे येऊन जेवेल."