जिगला घाई असते

केंब्रिजमधल्या त्या पबमध्ये अक्षया शिरली ती फक्त हात गरम करायला. रविवारची दुपार, बाहेर बोचरी भुरभुर. आत कोपऱ्यात काही माणसं गोल करून, एकमेकांकडे बघत वाजवत बसली होती. ना स्टेज, ना माइक. बासरी, ॲकॉर्डियन आणि... व्हायोलिन.

तिने नागपूरला आईला फोन लावला.

"आई, ऐक ना. इथे कोणीतरी आयरिश धून वाजवतंय, व्हायोलिनवर... हो, मुलगाच आहे. दिसायलाही बरा आहे."

धून संपली. तो मुलगा वळला.

"थँक यू," तो म्हणाला, आणि पुढे चक्क मराठीत, "पण ह्याला फिडल म्हणतात. आणि... फक्त बरा?"

अक्षयाने घाईघाईने फोन ठेवला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

त्याचं नाव नकुल. जन्म लंडनमधल्या ईलिंगचा, नोकरी इथल्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्टची, मराठी घरात ऐकून शिकलेली.

"तू पण वाजवते," तो म्हणाला. "तुझा बोटं टेबलवर चालत होता."

"चालत होती," ती हसली. "व्हायोलिन वाजवायचे. लहानपणापासून शिकले. कॉलेजात असताना एका कार्यक्रमात मधेच सगळं विसरले... समोर भरलेलं सभागृह. त्यानंतर हात लावला नाही."

"इथे विसरली तर काय होतं, सांगू? काहीच नाही. बाकीचे वाजवत राहतात. तीच ट्यून फिरून येते, तेव्हा तू परत जॉइन करायचं."

त्याने तिला आपलं जुनं फिडल दिलं. शनिवारी त्याच्या किचनमध्ये शिकवणी सुरू झाली. अक्षया सवयीने जमिनीवर मांडी घालून, वाद्य पायावर टेकवून बसायची. नकुल एक ओळ वाजवायचा, ती ऐकून उचलायची. अगदी तिच्या गुरुजींसारखं.

"तू प्रत्येक नोटला मिठी मारते," तो म्हणायचा. "ही जिग आहे. लोक नाचतात ह्याच्यावर. एवढा वेळ नसतो."

"तुला एवढी घाई कसली?"

"मला नाही..." तिच्याकडे बघत तो म्हणाला. "जिगला आहे."

मार्चमध्ये त्याला बेलफास्टची नोकरी मिळाली. ती अभिनंदन म्हणाली आणि त्या दिवशी एकही ओळ सरळ वाजवू शकली नाही. पुढच्या रविवारी पबमध्ये गेलीच नाही.

त्याच्या शेवटच्या रविवारी मात्र ती फिडल घेऊन आली. सत्तरीची सारा, बासरीवाली, विचारत होती, "एखादी संथ धून कोण वाजवतंय?"

"मी," अक्षया म्हणाली आणि तिथेच कार्पेटवर मांडी घालून बसली.

संथ धुनेला घाई नव्हती. एका स्वरावरून दुसऱ्यावर ती अलगद घसरत गेली... आणि मध्यावर सगळं पुसलं गेलं. पब शांत. नकुलने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने फक्त एक स्वर हळूच धरला, तंबोऱ्यासारखा. त्याच्या आधाराने ती सावरली, पुढची ओळ सापडली, शेवटपर्यंत गेली.

"परत वाजव," सारा म्हणाली.

नंतर दोघं बसस्टॉपवर आले.

"त्या रविवारी मला तुझा राग आला होता," अक्षया म्हणाली. "वाजवायला लावलंस आणि निघालास. आणि... मला तू आवडतोस. सांगायला उशीर झाला का?"

नकुल तिच्याकडे वळला.

"मला वाटलं, तू फक्त म्युझिकसाठी येते."

"सुरुवातीला तसंच होतं."

"मग कधीपासून?"

"ते नाही सांगणार."

तो हसला. हातमोजा काढून त्याने तिचा गार हात धरला. "एक वीकेंड तू तिकडे, एक मी इकडे. चालेल?"

"चालेल. पण फिडल माझ्याकडेच राहील."

बस आली. ती थांबवायला दोघांपैकी कोणीच हात केला नाही.