देवडीवरच्या खोलीतला चौथा दिवस

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. थर्झा पेल माझ्या शेजारी राहतात, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही.

नोव्हेंबर १९६८. मंगळवारची दुपार. आमचं नेदर कॉम्बली गाव.

थर्झाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. गावाचा इतिहास लिहायला घेतला होता. जुन्या नोंदवह्या चर्चच्या देवडीवर, म्हणजे प्रवेशदाराच्या वर, असलेल्या छोट्या खोलीत पेटीत ठेवलेल्या. चर्चची देखभाल करणाऱ्या विल्फ गॅरडने दार उघडून दिलं.

"चार वाजता चहा, बाई. उशीर केलात तर तुमच्या वाटचा केक मी खाणार."

"तू तसाही खाणारच आहेस."

तो हसत जिना उतरला. दार उघडंच होतं.

बाईंनी १७११ सालची वही काढली. त्या वर्षी गावात देवीची साथ होती. पानामागून पान, नुसते मृत्यू.

तेवढ्यात खोलीत अंधारल्यासारखं झालं...

दार लागलं होतं.

आवाज नाही. वारा नाही.

त्या उठल्या. दाराला आतून कडीच नव्हती. सपाट लाकूड.

"विल्फ?"

दारापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं...

मग एका मुलीचा आवाज आला. अगदी दबका.

"पाव दाराखालच्या फटीत ठेवलाय, ॲग्नेस. मी लांब गेले की घे."

"मी ॲग्नेस नाही. दार उघड, बाळ. मी बरी आहे. मला ताप नाही."



"कालही तू हेच म्हणालीस."

बाईंनी दारावर मुठी आपटल्या. लाकूड वाजलं नाही. गादीवर मारावं तसं.

इतक्यात जिन्यावर ओळखीची पावलं. विल्फच. बाईंना रडूच आलं.

कडी वाजली. बिजागरी करकरली. दार मात्र समोर बंदच...

आणि विल्फचा आवाज आला. बाहेरून नाही. खोलीतून. त्यांच्या खांद्याशी.

"पेलबाई? गेल्या वाटतं. वही तशीच टाकून गेल्या, कमाल आहे."

"विल्फ, मी इथे आहे!"

वही मिटल्याचा आवाज आला. टेबलावरची वही उघडीच होती.

पावलं उतरली. खाली किल्ली फिरली.

मग पुन्हा तो श्वास...

"आज चौथा दिवस, ॲग्नेस. आई म्हणते, आता सातव्या दिवसापर्यंत वर जायचं नाही."

बाई म्हणतात, त्या क्षणी त्यांना आपला मृत्यू दिसला. ओरडण्यात अर्थ नव्हता. त्या वहीकडे वळल्या. बोट ओळींवरून सरकत गेलं. सापडलं.

त्या दाराशी गुडघ्यांवर बसल्या आणि वर्गात वाचावं तसं स्पष्ट वाचलं.

"ॲग्नेस टर्लो, वय सोळा. देवडीवरच्या खोलीत कोंडली होती. सातव्या दिवशी दार उघडलं, तेव्हा मृत. अंगावर देवीचा एकही फोड नव्हता."

पलीकडे श्वास थांबला.

"ऐकलंस? ती आजारी नव्हती. दार उघड."

नखं लाकडावरून घसरत खाली गेली... आणि मुलगी रडू लागली. तोंडात कापड कोंबून रडावं तसं.

दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोधणारी माणसं वर आली, तेव्हा बाई उंबऱ्याशी बसलेल्या होत्या. हाताच्या मुठी सुजलेल्या. विल्फ शपथेवर सांगतो, "मी संध्याकाळी आत जाऊन पाहिलं होतं. चार पावलांची खोली आहे ती. मांजर असतं तरी दिसलं असतं."

डॉक्टर म्हणाले, चक्कर आली असेल.

बाईंनी वाद घातला नाही. पुस्तक पूर्ण केलं. त्यात टर्लो कुटुंबाचं एक पान आहे. ॲग्नेसला एक धाकटी बहीण होती, एवढंच त्यात नवं.

काल त्या माझ्याकडे आल्या.

"ती पोर अजून जिन्यात रडत असेल. माझं निम्मंच सांगून झालं होतं. तिचा दोष नव्हता, हे कुणीतरी सांगायला हवं. मी आत जाते. तू फक्त दाराबाहेर उभी राहा."

मी हो म्हणून बसले आहे.

उद्या दुपारी जायचंय. जिना अरुंद आहे. ती पोर जिथे उभी असते, त्या वरच्या पायरीवर एकाच माणसापुरती जागा आहे...