जोडीदार आल्याशिवाय

मे महिन्यातला सोमवार. सुंदराबाईंचा रिकामा डबा परत करायला लार्सन निघाला, तेव्हा बाराला दहा कमी होते. या वेळी अमरावतीत कुत्रंसुद्धा मोरीतून बाहेर येत नाही. घरमालकीण वच्छलाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "एकलाच? तुमचा तं नियम हाय ना दोघांचा?"

"नवा जोडीदार उद्या येते, हैदराबादवरून." मराठी तो वऱ्हाडातच शिकला होता, म्हणून ती अशीच यायची.

"एकोणीस वर्षाचं पोट्टं, अन् छातीवर पाटी एल्डर म्हनून! डोक्याले रुमाल तरी बांध, वडीलधाऱ्या."

एरवी या थट्टेवर तो हसायचा. आज नाही हसला.

ही मॉर्मन पंथाची प्रचारक पोरं. दोन वर्षं घरदार सोडून परमुलखात राहायचं, साडेसहाला उठायचं, पांढरा शर्ट आपला आपण धुवायचा, चहाला शिवायचं नाही आणि दारोदार हिंडायचं. नव्व्याण्णव दारं तोंडावर लागली तरी शंभराव्या दाराशी पहिल्याइतकंच हसायचं. असा गडी मिळाला तर कुठलाही दुकानदार त्याला गल्ल्याशेजारी बसवील. त्यांचे नियम कडक. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि घरात बाई एकटी असेल तर आपण एकट्यानं आत पाऊल टाकायचं नाही.

लार्सनचा जोडीदार ताउफा, पार टोंगा बेटावरचा. दारातून तिरपा होऊन शिरायचा, हसला की खिडकीची काच वाजायची. बारा दिवसांमागं तो ऊन लागून गेला. चांदूर रेल्वेच्या रस्त्याला, सायकलशेजारी पडलेला सापडला.

त्या दुपारी लार्सन कूलरपुढं झोपला होता. ताउफानं दोनदा हलवलं. "तू हो पुढं, मी आलोच मागून," असं पुटपुटत यानं कूस बदलली. पुढं वरिष्ठ चौकशीला आले, त्यांना मात्र सांगितलं, शेवटपर्यंत मी जवळ होतो. ताउफाच्या आईलाही तेच. माझा मुलगा एकटा नव्हता, एवढ्यावर ती बाई तग धरून होती. आज साडेबाराला ती व्हिडिओ कॉल करणार होती. तो शेवटी काय बोलला, ते तिला ऐकायचं होतं.

रस्ताभर लार्सन ते शेवटचे शब्द रचत राहिला. एकही धड जमेना.

शहर संपतं तिथं, चांदूर रेल्वेच्या रस्त्यावरच सुंदराबाईंचं घर. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी काई धर्म बदलत नाई. पन तुमी येत जा बाप्पा, बोलाले कोनी नाई मले." मधे त्या अकोल्याला लेकीकडे, दीक्षाकडे गेल्या होत्या. चार दिवसांपूर्वी परतल्या.

फाटकाशी तापलेल्या डांबराचा वास कोंडला होता. वारा पार पडलेला. हाक ऐकून सुंदराबाई हसत दारात आल्या, आणि लार्सनला कळलं, यांना ताउफाचं कुणीच काही सांगितलेलं नाही.

"आला एकदाचा! काहून रे बाबू इतका उशीर?"

"आजी, हा डबा... मी आत येत नाई. एकलाच हाय."

"माहीत हाय मले तुमचं. मी अकोल्याले निघाली ना, त्याच दिवशी दुपारी आल्ता ताउफा. आत ये, पानी पे म्हटलं, तं म्हने जोडीदार आल्याबिगर येता येत नाई. तासभर उभा होता बिचारा इथं, उनात. मंग तुलेच पाहाले गेला."

लार्सननं डबा फाटकाच्या खांबावर ठेवला.

"अन् मी परत आली तवापासून..." सुंदराबाईंचा आवाज आपोआप उतरला. "रोज बाराले येऊन उभा राह्यते. बोलत नाई. एवढ्या उनात घाम बी नाई त्याले..." त्यांची नजर लार्सनच्या चेहऱ्यावर नव्हती, खांद्यावरून थोडी वर होती. ताउफा त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता. "आता तं दोघं झाले ना. या आत."

लार्सन वळला नाही. तसाच आत गेला. मागं फाटकाची कडी लागली. ती त्यानं लावली नव्हती.

फोन वाजला. पडद्यावर अंधारलेला व्हरांडा आणि ताउफाच्या आईचा थकलेला चेहरा. तिकडे रात्र पडली होती.

"आई," तो तिच्याशी इंग्रजीत बोलू लागला, "मी खोटं बोललो. मी नव्हतो त्याच्याजवळ. झोपलो होतो. तो एकटाच..."

ती ओरडेल, रडेल, फोन ठेवील म्हणून तो थांबला. पण तिची नजर त्याच्यावरून सरकली आणि मागं, वर जाऊन थांबली. ओठ हलू लागले. ती आपल्या भाषेत बोलत होती, फार वेळ बाहेर राहिलेल्या लेकराला समजावून घरात घ्यावं तशी. मधेच थांबायची. मान हलवायची. पुन्हा बोलायची.

बऱ्याच वेळानं तिनं लार्सनकडे पाहिलं.

"पाणी दे त्याला," ती म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यात आपलं लहानसं चित्र दिसतं, आणि आपल्या मागचंही. त्या जागेवर लार्सननं अंगठा दाबून धरला. सुंदराबाईंनी भरलेला पेला त्याच्या दुसऱ्या हातात ठेवला. त्यानं डोळे मिटून तो खांद्यावरून मागं धरला.

पेला हळूहळू हलका होत गेला.