धाकटी दाखवा!

"नकाशात नसलेलं गाव हवंय," खिडकीपलीकडून आवाज आला.

"मग नकाशाच्या कचेरीत कशाला आलात?" मी मान वर न करता विचारलं. मग केली वर. आणि... करायला नको होती, असं पुढे कितीदा तरी वाटलं.

शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, केसांत धूळ, आणि माझ्या तिरकस बोलण्यावर मनापासून हसणारे डोळे.

"तुमच्या जुन्या नकाशांत असेल ते," तो म्हणाला. "तिथे पोस्ट होतं. आता पोस्टही नाही, गावही नाही."

तो असली गावं शोधत हिंडायचा. रस्ता दुसरीकडून जातो, विहिरी आटतात, माणसं उठून जातात... मग एक दिवस पोस्टाला कुलूप लागतं आणि गावाचं नाव पाकिटांवरूनही जातं. हा पोस्टाची जागा हुडकून काढायचा, म्हाताऱ्यांना बोलतं करायचा, आणि मी ती जागा नव्या नकाशावर पेन्सिलीने टिपायचे. कचेरीत आम्हाला नावंसुद्धा पडली. तो टपालवाला, मी नकाशेवाली. दर रविवारी माझ्या स्कूटरवरून आम्ही भटकायचो. मागे बसून तो नकाशा धरायचा, नकाशा माझ्या कानाशी फडफडायचा, आणि मी मुद्दाम वाट चुकायचे.

पण एवढं होऊनही गडी "अहो"वरून हलला नव्हता. "अहो, डावीकडे घ्या." "अहो, पाणी हवंय?" त्या "अहो"चा मला अगदी वीट आला होता.

आणि त्यात धाकटी आली.

एका डोंगराखाली थोरली वाडी आणि धाकटी वाडी अशा दोन वाड्या होत्या. दोन्ही ओस पडलेल्या. थोरली आम्हाला सापडली, पण पोस्ट होतं धाकटीत, आणि ती कुठल्याच नकाशात धड दिसेना. त्याने तिचा ध्यासच घेतला. "धाकटी काही हाती लागत नाही हो," असं म्हणून तो उसासा टाकायचा, जणू एखाद्या मुलीबद्दलच बोलतोय. एका ओसाड वाडीचा मला हेवा वाटत होता. सांगणार कुणाला?

शेवटी धाकटीत टपाल वाटलेल्या एका काकांचा पत्ता लागला. माझ्याच टेबलावरून त्याने फोन लावला. काकांना कमी ऐकू येत असावं, कारण हा ओरडतच होता.

"थोरली राहू द्या, काका! धाकटी दाखवा! ... हो, फार दिवसांची इच्छा आहे!"

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "रविवारी बोलावलंय. घरचं कोणीतरी सोबत आणा म्हणाले. माझं तर इथे कोणी नाही... तुम्ही याल?"

घरचं कोणीतरी! रविवारपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

काकांचं अंगण लख्ख झाडलेलं होतं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते दारातच उभे होते. त्यांच्या बहिणीने, म्हणजे घरातल्या आत्यांनी, माझा हात धरला. "तुम्ही बहीण ना? तोंडावळा अगदी सारखा!"

"छे छे," तो घाईघाईने म्हणाला, "ह्या नकाशेवाल्या. फार कामाच्या आहेत."

कामाच्या! झाडूही कामाचाच असतो.

इतक्यात आतून चहा घेऊन ती आली. गुरांची डॉक्टर आहे, आत्यांनी सांगितलं. उंच, सावळी, ओठांच्या कोपऱ्यात खोडकर हसू. मी नकळत केसांवरून हात फिरवला. स्कूटरवरच्या वाऱ्याने त्यांची काय दशा केली होती, ते आरशाशिवायही कळत होतं.

"मोठीचं लग्न होऊन गेलं," काका म्हणाले. "ही आमची धाकटी."

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. धाकटी दाखवा... घरचं कोणीतरी आणा... अरे देवा! हा मुलगी बघायला आला होता, आणि ह्याचं ह्यालाच माहीत नव्हतं!

"अरे वा, इथेही धाकटीच!" हा खुळा म्हणाला.

"मग?" आत्या पुढे सरकल्या. "धाकटीबद्दल काय विचार आहे?"

"विचार? झोप उडवलीय तिने माझी! कधी एकदा जवळून बघतो असं झालंय."

आत्याच लाजल्या. मुलीला ठसका लागला.

मी एका वाक्यात सगळा घोळ मिटवू शकले असते. पण "ह्याला मुलगी नकोय" असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? कामाच्या बाईने? आणि नकोय कशावरून? कप घेताना तो तिच्याकडे बघून हसला होता. चांगला दात दाखवून.

"दोघं जरा परसात जाऊन बोला," काका म्हणाले. "तिथून डोंगर दिसतो."

"म्हणजे धाकटीपण दिसेल?" असं म्हणत हा टुणकन उठला.

मागचं दार उघडंच होतं. "अहो काय म्हणताय? अगं म्हणा," तिचा आवाज आला. "बरं... मग तूच सांग," तो म्हणाला. लगेच! मला इतके रविवार "अहो", आणि हिला चहा निवायच्या आत "तू"! मग त्याचं हळू आवाजात काहीतरी... आणि तिचं हसू. थांबेचना ते. माझा नुसता जळफळाट झाला.

"जोडा शोभतो," आत्या माझ्या कानाशी लागल्या. "तुम्हीच जरा शब्द टाका ना."

बास!

"वाडी!" मी किंचाळले. "काका, धाकटी वाडी! पोस्टाची! त्याला ती बघायचीय!"

काकांनी कानामागे हात धरला. "म्हणजे... मुलगी नको?"

"नको!"

"हे सांगणारी तू कोण गं?" आत्या कडाडल्या. "तू कोण त्याची?"

तो आणि ती मागच्या दारात उभे होते. मी पटकन तोंड फिरवलं. डोळे भरून आले, आणि मला स्वतःचाच राग आला.

"आत्या, चिडू नकोस," मुलगी हसतच म्हणाली. "मलाही नकोय तो. बाबा, काठी घ्या. यांना वाडी दाखवून आणू."

काका खट्टू झाले होते, पण डोंगराच्या वळणावर त्यांची पावलं भरभर पडू लागली. गवतात एक जोतं तेवढं उरलं होतं. त्याच्या एका कोपऱ्यात ते ताठ उभे राहिले.

"इथे पोस्टाची खिडकी. गडी माणसं इथे गर्दी करायची. पण ज्यांचे नवरे दूर कामाला गेलेले, त्या बाया पुढे यायच्या नाहीत. त्या तिकडच्या दगडावर बसायच्या. आपलं काही आलंय का, हे विचारायचीच धास्ती."

मग ते वाकून जोत्यावरचं गवत उपटू लागले. मुलीने त्यांना हाताला धरून सावलीत नेलं. मी जाऊन त्या दगडावर बसले. थोड्या वेळाने तोही आला.

"आत्यांनी काहीतरी विचारलं होतं," तो म्हणाला. "उत्तर राहिलं."

"जळत होते मी," मी सांगून टाकलं. "तिच्यावर, तिच्या हसण्यावर, ह्या वाडीवरसुद्धा. मला तू आवडतोस. खूप. झालं समाधान?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"परसात काय चाललं होतं तुमचं?"

"तिनेच सांगितलं की मला मुलगी दाखवतायत. मी म्हटलं, अगं, माझं प्रेम आहे एकीवर... फक्त तिला सांगायचं धाडस होत नाही. ती म्हणाली, कोण ती? मी म्हटलं, आत बसलीय ना, माझ्याकडे खाऊ की गिळू बघत, तीच."

गवतातून वारा गेला. माझ्या छातीत काहीतरी मऊमऊ, गोडगोड होत होतं... आणि मी ताडकन उभी राहिले.

"म्हणजे हे तू तिला आधी सांगितलंस? माझ्याआधी?"

"अगं, ती विचारत होती म्हणून..."

"ते मला माहीत नाही. प्रेम माझ्यावर, आणि कळलं आधी तिला! आता पुन्हा सांग. पहिल्यांदाच सांगतोयस असं."

"इथे? काका बघतायत."

"इथेच."

त्याने सांगितलं. अडखळत, अर्धी वाक्यं गिळत. मध्येच मला राहवलं नाही.

"तिलाही असंच सांगितलंस?"

"नाही," तो म्हणाला. "तिला सांगताना हात थरथरत नव्हते."

मी ते हात हातात घेतले, आणि काकांकडे पाठ केली.