कुकडीच्या कातळातली घरघर

जया काष्टी गावची. भूगर्भशास्त्र शिकायला जर्मनीत गेलेली. दुसऱ्या वर्षीची अभ्याससहल दख्खनचा कातळ बघायला न्यायची ठरली, तेव्हा निघोजचे रांजणखळगे तिनंच सुचवले. खोलीतली मैत्रीण हाना तर महिनाभर आधीपासून 'पाणी', 'दगड', 'बास' असे शब्द घोकत होती.

मार्च उजाडला होता. कुकडी नदीची धार केव्हाच आटलेली. काळ्या कातळात रांजणासारखे खोल खड्डे आणि त्यांत हिरवं, साचलेलं पाणी. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात आणि कातळ कोरत जातात, हे समजावून सांगून सर बाकीच्या मुलांना घेऊन पुढं गेले. या दोघी एका खड्ड्यापाशी मागं राहिल्या, कारण त्यातून आवाज येत होता.

जात्यावर दळण चालावं तशी घरघर. पाण्यावर मात्र एक तरंग नव्हता.

"हवा अडकली असेल," जया म्हणाली.

हानानं कातळाला कान लावला. "गोटे फिरतायत. एक काढून आणते."

शेळ्या राखणाऱ्या दगडाबाई लांब काठावरच थांबल्या होत्या. तिथूनच त्या ओरडल्या, "पोरी, तिला उतरू दिऊ नको! त्ये दळाय लागलं की आमी शेरडंबी तिकडं नेत न्हाई."

"काय म्हणतायत?" हानानं विचारलं.

जयाला लाज वाटली. आपल्या मुलखातलं असलं काही या मुलीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"चहा घेतला का, विचारतायत."

हाना हसली. काठाकडं बघून तिनं हात जोडले, पिशवीतला दोर कमरेला बांधला, दुसरं टोक जयाच्या हातात दिलं आणि उतरली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. ती वाकली.

घरघर थांबली.

दोर सैल पडला. जयानं तो ओढला, ओढतच राहिली. शेवटी फास वर आला. गाठ जशीच्या तशी होती.

आत कुणी नव्हतं.

दुपारी गावातल्या काकासाहेबांनी डिझेल इंजिन आणून खड्डा उपसला. तळाला अखंड कातळ. माणसांनी पहारीनं ठोकून बघितलं, कुठं भेगसुद्धा नव्हती. फक्त चार गोटे निघाले. तीन गारढोण.

चौथा हातात घेतला आणि काकासाहेब जागच्या जागी थांबले. मग कुणी न सांगताच त्यांनी खांद्यावरचं उपरणं कातळावर अंथरलं, गोटा हळूच त्यावर ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"ह्यो ऊन हाय," ते एवढंच म्हणाले.

हवालदार दगडाबाईंना विचारत होता, "मग तुम्ही अडवलं नाही का?"

"अडवलं की. ह्या पोरीला सांगितलं."

पलीकडं सर फोन कानाला लावून हानाच्या आईशी काय बोलावं ते शोधत होते. जयानं गोटा मांडीवर घेतला, ओढणीत गुंडाळला आणि दोन्ही हातांनी धरून बसली. कुणी तो मागितला नाही.

दिवस मावळला. दिवसभर तापलेला कातळ अजून पायांना पोळत होता. मांडीवरचा गोटा मात्र हळूहळू गार पडत गेला.