पुतळीची धार

पूर ओसरला की आमची कामं सुरू होतात. बोटीतून माणसं काढणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात आणि ते यायलाच हवेत. पण मेलेली जनावरं जेसीबीनं पुरणं, वर चुना टाकणं, जगलेल्यांना लसी टोचणं यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. मी पशुवैद्यक. घर सांगलीत विश्रामबागेला. आमच्या गल्लीत पाण्याचा थेंबही आला नव्हता आणि त्या ऑगस्टमध्ये मला त्याची उगीचच लाज वाटत होती. कृष्णाकाठच्या कासारमळी गावाची वाचलेली जनावरं एका साखर कारखान्याच्या बैलतळावर आणून बांधली होती. शेजारच्या गोदामात त्यांची माणसं राहत होती. गमबूट घालून मी दिवसभर त्या दावणीतून फिरायचे. सगळीकडं गाळाचा, ब्लीचिंग पावडरीचा आणि भिजलेल्या धान्याचा वास भरून राहिला होता.

चारा दुष्काळी माण तालुक्यातून यायचा. दुष्काळात आमच्या भागातून तिकडच्या छावण्यांना उसाचं वाडं गेलं होतं. आता तिकडून कडब्याचे ट्रक येत होते. नाथाजी नावाचा दहिवडीकडचा शेतकरी स्वतःचा ट्रक घेऊन सारखा खेपा करत होता. त्याला कुणी धन्यवाद म्हटलं की तो वैतागायचा.

"मॅडम, साळूबाईंची म्हस बघून घ्या," माझा परिचर भाऊसो एका सकाळी म्हणाला. "पोहून आल्यापास्नं कुणाला कासंला हात लावू देईना."

पुतळी ही पंढरपुरी म्हैस. शिंगं पाठीपर्यंत गेलेली, तब्येत उत्तम आणि स्वभाव माझ्याइतकाच कुरकुरा. गळ्यात दाव्याचा तुकडा तसाच होता, टोक कोयत्यानं सरळ कापलेलं. ते कुणी कापलं हे सगळ्या तळाला ठाऊक होतं. साळूबाईंची सून क्रांती बोटीत बसलीसुद्धा होती. गोठ्यातून पुतळी ओरडली तशी तिनं आपली चार वर्षांची सृष्टी सासूच्या मांडीवर ठेवली, दावं तेवढं कापून पुढच्या खेपेला येते म्हणाली आणि उतरली. पुढच्या खेपेला बोट गेली तेव्हा पाणी कौलांना लागलं होतं. पुतळी दुसऱ्या दिवशी काठाला लागली. क्रांतीचा अजून पत्ता नव्हता.

एका हाताला सवयीची झालेली म्हैस दुसऱ्याला पान्हा सोडत नाही, हे मला नवीन नव्हतं. इतके दिवस धार निघाली नसेल, तर कास सुजून दगडी झालीच असणार, असं धरून मी तिचे मागचे पाय बांधून घेतले आणि खाली बसले. कास मऊ होती. ताप नाही, गाठ नाही. चारही सडं नुकती पिळून रिकामी केल्यासारखी.

"कोण काढतं धार?" मी विचारलं.

साळूबाई डाव्या हातानं पुतळीपुढचा कडबा सारखा करू लागल्या. त्यांचा उजवा हात बोटीत चढताना मोडला होता आणि कोपरापर्यंत प्लास्टर होतं. सृष्टी त्यांच्या पदराआड उभी होती. आठवड्यापूर्वी ती पाण्याशिवाय काही घेत नव्हती, म्हणून मीच आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. आता तिच्या गालावर चांगली तकाकी दिसत होती.

"दूध चोरतंय कुणीतरी," मी भाऊसोला म्हणाले, आणि शेजारच्या दावणीवाल्यांना उगाच चार शब्द सुनावले. त्यांनी ते मुकाट ऐकून घेतलं, याचंच मला नंतर नवल वाटलं.

संध्याकाळी साळूबाईंनी पुतळीला सोडलं. म्हैस पुढं, मागं डाव्या हातात बादली घेतलेली म्हातारी आणि तिच्या मागं नात, अशा त्या कासारमळीच्या वाटेला लागल्या. मी जीप तिथंच ठेवून त्यांच्या मागं गेले. गाव रिकामं होतं. घरांच्या भिंतींवर छपराखाली पाण्याची रेघ उमटली होती आणि उंबरांच्या फांद्यांना चिंध्या लटकत होत्या. साळूबाईंचं घर कच्च्या विटांचं, भिजून फुगलेलं. पुतळी न सांगता मागच्या गोठ्यात गेली. साळूबाईंनी तिच्याखाली बादली ठेवली आणि बाहेर येऊन दाराला पाठ केली.

मी आत निघाले तशी त्यांनी मला अडवलं.

"जाऊ नगा. परकं माणूस बघितलं की पान्हा चोरती ती."

"पण आत आहे कोण?"

"जिची म्हस हाय ती."

मी रागावणार होते. तेवढ्यात आतून धारेचा आवाज आला.

हा आवाज मी नोकरीत हजारदा ऐकलाय. पहिली धार रिकाम्या बादलीवर पडते तेव्हा ती पत्र्यावर वाजते. मग दूध चढत जातं तसा आवाज जाड होतो आणि शेवटी फेसात बुडून जातो. दोन हातांची लय कळते, डावा, उजवा, डावा, उजवा. मधे काढणारी थांबते, कासेला खालून दोन थापा मारते आणि पुन्हा सुरू करते. त्या थापाही मी ऐकल्या. सृष्टी पायरीवर बसून वाळलेल्या गाळाच्या खपल्या काढत होती. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

आवाज थांबल्यावर आम्ही आत गेलो. बादली भरली होती. पुतळी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. मागचा पाय धारेला घेतात तसा तिनं अजून मागं ओढून धरला होता. गोठ्यातला गाळ सगळा वाळून भेगाळला होता. फक्त धार काढणारी जिथं उकिडवी बसते तिथं तो ओला होता. दोन अनवाणी पावलं तिथं उमटली होती, चवड्याकडं खोल. त्यात पाणी झिरपत होतं.

साळूबाईंनी पेला बुडवून सृष्टीला दिला. तिनं तो एका दमात संपवला.

"धार निघतीया तवर माझी सून जित्ती हाय," साळूबाई म्हणाल्या. "दिवस घाला म्हणून सांगाय येत्यात लोकं. कुणाचं घालू?"

मी भाऊसोला काही सांगितलं नाही. उत्तर सापडलं नाही की मला राग येतो, आणि त्या रात्री घरी मी सगळ्यांवर चिडले.

पुढं शिवतेज आला. क्रांतीचा नवरा, फौजेत, आसामात होता. छुट्टी मिळाली, पण रस्ते बंद. तो कराडपर्यंत येऊन अडकून पडला होता. आल्या आल्या त्यानं नदीकाठ पालथा घातला. मोडलेल्या उसात शिरला, पुलाच्या खांबांना अडकलेल्या कचऱ्यात हातानं शोधलं. मग तळावर येऊन एका पेंढीवर बसून राहिला. आईनं त्याला धारेचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. आईचं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी गावातल्या त्या घराची पुढची भिंत पडली. सृष्टी पायरीवर होती. साळूबाईंनी तिला ओढलं म्हणून वाचली.

"आता तिकडं जायचं न्हाई," शिवतेज म्हणाला. "धार हितंच काढायची. मी काढतो."

आमच्याकडं अशा वेळी म्हशीला फसवतात. रोज धार काढणाऱ्या बाईचं लुगडं दुसरीनं नेसायचं आणि तिच्यासारखं बसायचं. साळूबाईंनी पुरात उचललेल्या बोचक्यात क्रांतीचं एक हिरवं सुती पातळ निघालं. शिवतेजनं ते पँटवरच गुंडाळलं आणि पदर डोक्यावरून घेतला. सहा फूट उंचीचा, मिशा राखलेला तो जवान भर तळावर बायकोच्या पातळात म्हशीखाली उकिडवा बसला. दावणीला शंभरेक माणसं होती. कुणी हसलं नाही. बायकांनी तोंडं फिरवली.

पुतळीनं पदर हुंगला. बराच वेळ हुंगत राहिली. मग तिनं मान वळवून कासारमळीच्या वाटेकडं पाहिलं आणि पाय झाडला. बादली लांब जाऊन पडली.

शिवतेज तसाच बसून राहिला. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि तो पदरात तोंड खुपसून रडत होता. मला त्याच्याकडं पाहवेना.

संध्याकाळी पुतळीनं दावं तोडलं. तिच्या मागं साळूबाई, मागं पोरगी. त्या पडक्या घरातून शिवतेजनं तिघींना माघारी आणलं. पुतळीला लांब पाठवायचं ठरलं ते त्याच रात्री, आणि पाठवा म्हणून सांगणारी मीच होते. नाथाजी म्हणाला, "घर हुभं ऱ्हाईपतूर आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. म्हशीचं वझं हुतंय व्हय?" रिकाम्या ट्रकात पुतळी चढली. साळूबाई आडव्या आल्या नाहीत. त्यांनी फक्त ट्रक दिसेनासा होईपर्यंत पाहून घेतलं.

शिवतेजची छुट्टी संपली. जाताना तो मला म्हणाला, "मॅडम, आई तुमचं ऐकंल. दिवस करायचं ऱ्हायल्यात. तिनं व्हय म्हणल्याबिगर मी करायचा न्हाई."

पुतळी गेली आणि सृष्टीनं दूध सोडलं. मग जेवण सोडलं. मी घरून गाईचं दूध आणलं, वेलदोडा घालून आणलं. तिनं पेल्यात वाकून पाहिलं.

"आईनं काढल्यालं न्हाई," ती म्हणाली आणि पेला सरकवला.

पोर दिवसेंदिवस हलकी होत चालली. सांगलीला नेऊन सलाईन लावून आणलं, पण फरक नाही. साळूबाई तिला मांडीवर घेऊन तळाच्या तोंडाशी बसायच्या. मला जनावरांचं सगळं कळतं आणि लेकराला काय द्यावं ते कळत नाही, याचं फार वाईट वाटायचं.

पुढची खेप घेऊन नाथाजी आला तेव्हा दुपार कलली होती. ट्रकचा टायर वाटेत बसला होता. उतरल्या उतरल्या तो मला म्हणाला, "म्हशीसंगं बाई धाडली ते लय ब्येस केलंसा, मॅडम. आमच्या घरात कुणाला तिनं हात लावू दिला नसता."

मी कुठलीच बाई धाडली नव्हती. माझ्यामागं साळूबाई उभ्या राहिल्या.

"कवा आली ती बाई?" त्यांनी विचारलं.

"म्हस उतरून घेतली तवा दावणीलाच हुती की. मला वाटलं हौद्यात बसून आली. पर बोलत न्हाई बगा. जेवाय दिल्यालं तसंच ऱ्हातंय. आन कापडं वलीच. आमच्यात पावसाचा थेंब न्हाई, रखरखीत ऊन पडलंय, तरी वाळंनात. कारभारीण म्हणली हे नेसा, तर घेतलं न्हाई." त्यानं केबिनमधून फडकं बांधलेला तांब्या काढला. "सकाळच्या धारंचं पयलं दूध बाजूला काढून ठिवती. कुणाला देत न्हाई, रोज नासून जातंय. आज मी निघालो तर आणून सीटवर ठिवलं. पोरीला असंल म्हणून आणलंय. पर आता नासलंच असंल."

मी फडकं सोडलं. फेस काठापर्यंत होता. बोट बुडवलं. म्हशीच्या अंगाला हात लावल्यावर लागते तेवढी ऊब.

सृष्टीनं माझ्या हातून तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. आम्ही तिघं तिच्या गळ्याची हालचाल बघत राहिलो. तिनं तो उपडा करून संपवला.

साळूबाई खाली बसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या रडल्या, नाक पुसलं आणि नाथाजीला म्हणाल्या, "माजा एक निरोप सांग तिला. म्हणावं, पोरगीनं सगळं पिलं. हितनं फुडं माज्या हातनं पिती. तू आता नगं ताटकळूस, बाई. तू जा."

नाथाजीला काही समजलं नाही. "सांगतो की," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी सृष्टीनं साळूबाईंच्या डाव्या हातून भाताचे चार घास खाल्ले. वर गाईचं दूध प्यायली.

दुसऱ्या दिवशी नाथाजीचा फोन आला. निरोप सांगितल्यावर बाई उठून गेली होती. त्यानं वस्तीभर शोधलं, विहिरीतही डोकावून पाहिलं. त्याच्या आवाजात भीती होती.

"तिकडं पोचली काय ओ? आन मॅडम, म्हस आटली."

म्हैस एका रात्रीत आटत नाही. आटवायला आठवडे लागतात. मी त्याला तसं सांगितलं आणि जीप काढली.

माणची जमीन तांबूस, मुरमाड. नाथाजीच्या गोठ्यात धूळ उडत होती. पुतळी शांत उभी होती. तिनं मला हात लावू दिला. कास सुकून पोटाला लागली होती, सहा महिने धार निघाली नसावी तशी. मी बसले होते तिथं पायांखाली काळं काहीतरी होतं. मी टोकरून पाहिलं. कृष्णेचा गाळ होता, पाटाएवढ्या जागेत.

"रोज झाडून काढती मी," नाथाजीची कारभारीण दारातून म्हणाली. "सकाळी परत वला असायचा. आजच काय ते वाळलाय."

मी तिथूनच शिवतेजला फोन लावला आणि तुमच्या आईनं तिला जा म्हटलंय, आता दिवस करून घ्या म्हणून सांगितलं.